एका हलक्या बंदुकीची जन्मकथा

कोणत्याहि शोधाची गोष्ट सांगावयाची म्हटली म्हणजे आपण प्रथम एक नांव शोधूं लागतों. आगगाडीला स्टीफन्सन, विजेच्या दिव्याला एडिसन, वाफेच्या यंत्राला वॅट अशीं नांवें शाळेंत आपल्या जिभेवर बसविलेलीं असतात, आणि मोठेपणीं तीं पुन्हां तपासून पाहण्याची आपणांस गरज वाटत नाहीं. एक नांव सांगितलें कीं गोष्ट पुरी होते. तिला नायक मिळतो, संकट मिळतें आणि शेवटीं यशहि मिळतें. परंतु वस्तु खरोखर ज्या रीतीनें जन्मास येतात ती रीत बहुधा अशी नसते. ती आपल्या एखाद्या जुन्या देवळाच्या बांधकामासारखी असते. गाभारा एकाच्या काळचा, सभामंडप दुसऱ्याच्या, दीपमाळ तिसऱ्याच्या नवसाची आणि कळस चौथ्यानें चढविलेला. दर्शनास येणारा मात्र विचारतो, "हें देऊळ बांधलें कोणीं?" आणि पुजारी त्याला सोईचें एक नांव सांगतो.

हें म्हणणें पटविण्यासाठीं आम्हीं आज जें उदाहरण निवडलें आहे तें पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. तें आहे एका बंदुकीचें. शस्त्राच्या कथेला रक्ताचा वास येतोच, आणि तो झांकून ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. तथापि सारखे सुटे भाग करून त्यांची जुळणी करण्याची जी पद्धति पुढें शिवणयंत्रापासून मोटारीपर्यंत सर्वत्र पसरली, ती प्रथम बंदुकांच्याच कारखान्यांत वाढीस लागली. म्हणून यंत्रयुगाचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा आहे त्याला ह्या कारखान्यांच्या दारावरून मान फिरवून जातां येत नाहीं. आमची कथा अमेरिकेंतील आहे आणि तिचा मुख्य काळ म्हणजे १९३८ ते १९४१ हीं वर्षें.

१९३६ सालीं अमेरिकेच्या सैन्यानें जॉन गॅरंड ह्यांची अर्धस्वयंचलित रायफल स्वीकारली. अर्धस्वयंचलित म्हणजे एकदां चाप ओढला कीं एकच बार निघतो. परंतु रिकामें काडतूस बाहेर फेकणें, नवें आंत घेणें आणि पुढच्या बारासाठीं सज्ज होणें हीं कामें बंदूक आपली आपण करते. ही रायफल उत्तम होती, पण तिचें वजन साडेनऊ पौंड होतें. जो शिपाई आघाडीवर लढावयाचा त्याला तें ओझें वाहणें भागच आहे. परंतु आधुनिक सैन्यांत लढणाऱ्यांच्या पाठीमागें तोफा भरणारे, मोटारी हांकणारे, तारांचीं भेंडोळीं वाहणारे, दारूगोळा पोंचविणारे आणि हिशेब लिहिणारे असे कितीतरी लोक असतात. त्यांचे दोन्ही हात दुसऱ्या कामांत गुंतलेले असतात. त्यांना देण्यासारखें दुसरें हत्यार म्हणजे पिस्तूल. आणि पिस्तुलानें पन्नास पावलांपलीकडचा नेम साधणें हें सामान्य शिपायाचें काम नव्हे.

ह्या लोकांसाठीं एक हलकी रायफल असावी, अशी मागणी पायदळाच्या प्रमुखानें १९३८ सालीं केली. पुढील दोन वर्षांत जर्मनीच्या वेगवान चढायांनीं आणि विमानांतून उतरणाऱ्या छत्रीधारी तुकड्यांनीं असें दाखवून दिलें कीं, यापुढें पिछाडी म्हणून सुरक्षित अशी जागाच उरलेली नाहीं. १९४० सालीं मागणी मंजूर झाली. अटी थोडक्यांत अशा होत्या : वजन पांच पौंडांच्या आसपास, मारा तीनशें यार्डांपर्यंत, आणि हात मोकळे राहतील अशा रीतीनें ती अंगावर अडकवितां आली पाहिजे. अट लिहावयास एक ओळ पुरते. पण साडेनऊ पौंडांचे पांच पौंड करावयाचे म्हणजे लांकूड तासून आणि लोखंड घासून भागत नाहीं. प्रत्येक भाग नव्यानें निवडावा लागतो.

पहिली निवड काडतुसाची. किती माणसें जेवावयाचीं हें आधीं ठरतें आणि मग मांडणीवरून पातेलें निघतें. बंदुकीच्या बाबतींत काडतुसाचें स्थान तसेंच आहे. काडतूस जितकें लांब, तितकी बोल्टची ये-जा लांब, तितकी त्याची पेटी लांब आणि वजन अधिक. विंचेस्टर कंपनीनें १९०५ सालीं शिकाऱ्यांसाठीं एक स्वयंभरणाची रायफल काढली होती. तिची रचना टॉमस क्रॉसली जॉन्सन ह्यांची. तिच्यासाठीं केलेलें .३२ चें काडतूस फारसें लोकप्रिय झालें नव्हतें. सैन्याला लहान काडतूस हवें असें ठरल्यावर विंचेस्टरनें हेंच जुनें काडतूस पुढें घेतलें, त्यावरून .३० चें नवें काडतूस बेतलें आणि त्याला ११० ग्रेन वजनाची बोथट नाकाची गोळी दिली. गॅरंडच्या काडतुसाच्या मानानें ह्याची लांबी निम्मी आणि गोळीची शक्ति सुमारें एक तृतीयांश होती. हलकेपणाची किंमत येथेंच मोजली गेली, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें; कारण तिची आठवण पुढें पुन्हां निघणार आहे.

काडतूस ठरल्यावर सैन्यानें बंदुकीसाठीं स्पर्धा लावली. अनेक कारखान्यांनीं आणि स्वतंत्र रचनाकारांनीं नमुने पाठविले. स्वतः गॅरंड ह्यांचा एक नमुना होता, जॉर्ज हाइड ह्यांचाहि होता. १९४१ च्या उन्हाळ्यांत ॲबरडीन येथील मैदानावर त्यांची परीक्षा झाली आणि एकहि पूर्णपणें पसंतीस उतरला नाहीं. गमतीची गोष्ट अशी कीं, ज्या विंचेस्टर कंपनीनें काडतूस केलें तिनें बंदूक पाठविलीच नव्हती. तिचे लोक तेव्हां एका निराळ्याच कामांत गढले होते.

तें काम म्हणजे गॅरंडशीं टक्कर देणारी मोठ्या काडतुसाची एक रायफल. तिचा मूळ आराखडा एड ब्राउनिंग ह्यांचा; प्रसिद्ध रचनाकार जॉन ब्राउनिंग ह्यांचे हे सावत्र भाऊ. १९३९ च्या मे महिन्यांत एड ब्राउनिंग वारले आणि त्यांचें अपुरें राहिलेलें काम पुरें करण्यासाठीं कंपनीनें डेव्हिड मार्शल विल्यम्स ह्या मनुष्यास नोकरीस घेतलें. विल्यम्सनें त्या रायफलींत आपला आंखूड टप्प्याचा दट्ट्या बसविला. पुढें १९४० सालच्या परीक्षेंत ब्राउनिंगचा कलणारा बोल्ट वाळूंत अडूं लागला, तेव्हां तो काढून त्या जागीं गॅरंडच्या धर्तीचा फिरून कुलुप लावणारा बोल्ट आला. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला जिंकण्यासाठीं प्रतिस्पर्ध्याचाच अवयव उसना घेतला. अशा रीतीनें घडत घडत ती रायफल साडेसात पौंडांवर आली. सैन्याच्या शस्त्रखात्यांतील अधिकारी रने स्टडलर ह्यांनीं ती पाहिली आणि त्यांच्या मनांत आलें कीं, हिलाच लहान केली तर? मोठी रायफल बाजूस राहिली आणि तिच्या धाकट्या भावंडाला मागणी आली.

हा आंखूड दट्ट्या म्हणजे काय हें थोडें सांगितलें पाहिजे, कारण साऱ्या यंत्राचें मर्म तेथें आहे. बार झाला म्हणजे दारूच्या धुराचा दाब गोळीला पुढें ढकलतो. नळीला खालून एक बारीक भोंक असतें. त्यांतून ह्या धुराचा थोडा अंश बाजूला निघतो आणि एका लहानशा दट्ट्याला धक्का देतो. गॅरंडच्या रायफलींत दट्ट्या आणि बोल्ट हालविणारा लांब दांडा हे एकत्रच मागें सरकतात. विल्यम्सच्या योजनेंत दट्ट्या गव्हाच्या दाण्याच्या जाडीइतकाच हालतो आणि थांबतो. त्याचा ठोसा खाल्लेली सरक मात्र आपल्या वेगानें मागें जाते, बोल्ट फिरवून उघडते आणि रिकामें काडतूस फेकून देते. कॅरमच्या खेळांत स्ट्रायकर सोंगटीस आदळून जागीं थबकतो आणि सोंगटी धांवत जाते, त्यांतलाच हा प्रकार. लांब दट्ट्या गेला, त्याच्या बरोबर त्याचें वजन गेलें, आणि नळीच्या टोंकापर्यंत पसारा नेण्याची गरजहि राहिली नाहीं.

एका भागाची निवड दुसऱ्या भागावर कशी हुकूम चालविते, ह्याचें एक सुंदर उदाहरण येथें सांगण्यासारखें आहे. हा दट्ट्या नळीखालच्या कोठडींत बसविलेला असे आणि सामान्य शिपायानें तो उघडूं नये अशी योजना होती. त्या काळच्या बहुतेक लष्करी काडतुसांतील पेट घेणाऱ्या टोपीमुळें मागें क्षार राही आणि गंज चढे. रायफलीची नळी रोज धुवून काढतां येते. बंद कोठडी कशी धुणार? म्हणून ह्या बंदुकीसाठीं गंज न आणणारी टोपी असलेलेंच काडतूस आरंभापासून करण्यांत आलें. दट्ट्यानें दारूखान्याला आपली रीत बदलावयास लावली.

१९४१ च्या उन्हाळ्यांत विंचेस्टरच्या कारखान्यांत जें झालें तें अवघ्या तेरा दिवसांचें काम आहे. एडविन पग्स्ली ह्यांच्या देखरेखीखालीं विल्यम रोमर, फ्रेड ह्यूमस्टन आणि आणखी तिघे कारागीर कामास बसले. नवा प्रत्येक भाग कागदावर काढून घडवीत बसण्यास सवड नव्हती. त्यांनीं हाताशीं असलेल्या बंदुकांकडे पाहिलें. चाप, घोडा आणि त्यांची पेटी हीं त्यांनीं कंपनीच्या १९०५ च्या शिकारी रायफलींतून उचललीं. सरकेसाठीं गॅरंडचा दांडा कापून-वळवून घेतला. दट्ट्या विल्यम्सचा, बोल्टची कल्पना गॅरंडची, एकंदर मांडणी मोठ्या रायफलीची. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, काडतुसाचा पूर्वज आणि चापाची पेटी हीं दोन्ही एकाच जुन्या बंदुकींतून आलीं. छत्तीस वर्षें अडगळींत पडलेल्या घरांतून जणूं दोन उपयुक्त नातेवाईक निघाले. असा हा गोधडीसारखा जोडलेला नमुना ऑगस्टमध्यें सैन्याच्या लोकांपुढें गेला आणि पाहतांक्षणीं त्यांच्या मनांत भरला. मग त्याची नीटनेटकी आवृत्ति तयार करण्यांत आली. तिनें सप्टेंबरमधील अखेरच्या परीक्षेंत उरलेल्या सर्व प्रतिस्पर्ध्यांस मागें टाकलें. आणि २२ ऑक्टोबर १९४१ रोजीं "एम-१ कार्बाइन" ह्या नांवानें ती सैन्यांत दाखल झाली. वजन भरलें पांच पौंडांहून किंचित् अधिक. त्यानंतर दीड महिन्यानें पर्ल हार्बरवर बाँब पडले.

आतां दंतकथेकडे वळूं. १९५२ सालीं अमेरिकेंत "कार्बाइन विल्यम्स" नांवाचा चित्रपट निघाला. जेम्स स्टुअर्टसारखा लोकप्रिय नट त्यांत नायक होता. ह्या चित्रपटानें कोट्यवधि लोकांच्या मनावर असें ठसविलें कीं, ही बंदूक एका कैद्यानें तुरुंगाच्या भिंतींआड एकट्यानें शोधून काढली. कथेला आधार नव्हता असें नाहीं. विल्यम्स हा उत्तर कॅरोलायना प्रांतांतील मनुष्य. १९२१ सालीं त्याच्या चोरट्या दारूच्या भट्टीवर छापा पडला. त्या चकमकींत एक पोलीस अधिकारी ठार झाला आणि विल्यम्सला खुनाच्या आरोपावरून दीर्घ मुदतीची शिक्षा झाली. शेतीच्या तुरुंगांतील लोहारशाळेंत त्याच्या हाताचें कसब दिसून आलें, तेथील अधिकाऱ्यानें त्याला काम करूं दिलें, आणि तेथेंच त्यानें आपल्या कल्पनांचा पाया घातला. १९२९ सालीं तो सुटला. पुढें त्याची एक योजना कोल्ट कंपनीच्या लहान काडतुसाच्या पिस्तुलांत वापरण्यांत आली. मनुष्य गुणी होता ह्यांत संशय नाहीं.

परंतु ज्या तेरा दिवसांत ती बंदूक जन्मास आली, त्या दिवसांचें काम त्याचें नव्हतें. दुसऱ्या नमुन्याच्या अखेरच्या कामांत त्याचा हात लागला. बाकी त्याचा दट्ट्या हाच त्याचा खरा वांटा. इतरांबरोबर बसून काम करणें त्याच्या स्वभावांत नव्हतें. त्यानें वेगळें बसून आपली स्वतःची कार्बाइन करावयास घेतली. ती १९४१ च्या डिसेंबरांत तयार झाली, म्हणजे सैन्यानें निवड केल्यानंतर दोन महिन्यांनीं. ती स्वीकारलेल्या बंदुकीपेक्षां सरस होती असें खुद्द पग्स्ली ह्यांनींच पुढें मान्य केलें. पण तोंवर यंत्रें आणि सांचे यांची सिद्धता सुरू झाली होती. एकट्याचें उत्तम काम उशिरां आलें आणि अनेकांचें पुरेसें काम वेळेवर आलें. चित्रपटाला ही गोष्ट नको होती. त्याला एकटा मनुष्य हवा होता. आणि अशा कथेंत जे गळून जातात ते केवळ रोमर आणि ह्यूमस्टनच नव्हेत. त्या छाप्याच्या दिवशीं जो अधिकारी घरीं परतला नाहीं तोहि नायकाच्या तेजांत पुसट होऊन जातो. दंतकथा श्रेय जसें चुकीच्या माणसाला देते, तसेंच दुःखाचा हिशेबहि चुकीचा मांडते. आमच्या मतें हा दुसरा दोष अधिक गंभीर आहे.

ह्या बंदुकीच्या पुढील आयुष्यानें तर एकट्या शोधकाच्या कल्पनेची थट्टाच केली. लाखोंनीं बंदुका हव्यात आणि बंदुकांचे जुने कारखाने तर आधींच कामांत बुडालेले. तेव्हां काम ज्यांना देण्यांत आलें त्यांचीं नांवें पाहावींत. टंकलेखन यंत्रें करणारी अंडरवुड, नाण्यावर गाणीं वाजविणारीं यंत्रें करणारी रॉक-ओला, हिशेबाच्या यंत्रांची आय्. बी. एम्., टपालाचीं यंत्रें करणारी नॅशनल पोस्टल मीटर, मोटारीच्या सुकाणूंचे भाग करणारी सॅगिनॉ. सर्वांत अधिक बंदुका जनरल मोटर्सच्या इनलंड शाखेनें केल्या, पंचवीस लाखांहून अधिक. खुद्द विंचेस्टरच्या वांट्यास आठ लाखांहून थोड्या अधिक आल्या. युद्ध संपेपर्यंत सर्व प्रकार मिळून साठ लाखांहून अधिक कार्बाइनी तयार झाल्या.

ह्या कारखान्यांनीं सर्व भाग आपापल्या छपराखालीं केले नाहींत. एकाजवळ नळ्या अधिक झाल्या तर त्या दुसऱ्याकडे गेल्या. चाप कोणीं, स्प्रिंगा कोणीं, दस्ते कोणीं अशी वांटणी होती, आणि ही देवघेव सांभाळण्यासाठीं कारखान्यांची एक समिति बसत असे. प्रत्येक भागावर करणाऱ्याचें सांकेतिक अक्षर उमटविलेलें असे. एका ठिकाणचा बोल्ट दुसऱ्या ठिकाणच्या नळीला घासल्यावांचून बसला पाहिजे, हा एकच कायदा. ज्याच्या हातून हा कायदा पाळला गेला नाहीं त्याचें नांव कितीहि मोठें असलें तरी उपयोग झाला नाहीं. जॉन पेडर्सन हे त्या काळचे नामांकित रचनाकार. त्यांच्या भागीदारींतील कारखान्यानें कांहीं हजार कार्बाइनी केल्या, पण सैन्यानें त्यांतील एकहि स्वीकारली नाहीं, आणि १९४३ सालीं तें काम सुकाणूंचे भाग करणाऱ्या सॅगिनॉकडे गेलें.

निवडीचे गुण जसे पुढें आले तसे दोषहि आले. सुरक्षेची कळ आणि काडतुसांची पेटी सोडण्याची कळ ह्या शेजारीं शेजारीं, दोन्ही दाबावयाच्या. धांदलींत शिपाई एकीच्या जागीं दुसरी दाबी आणि भरलेली पेटी खालीं पडे. पुढें सुरक्षेची कळ फिरविण्याची करावी लागली. उलट एक युक्ति अशी साधली कीं तिचें कौतुक वाटावें : तेलाची लहानशी कुपी दस्त्याच्या खांचेंत अशी बसविली कीं तीच पट्टा अडकविण्याची खुंटीहि झाली. एका वस्तूनें दोन कामें केलीं आणि एका भागाचें वजन वांचलें. परंतु सर्वांत मोठी तक्रार काडतुसाचीच होती. १९५० च्या हिंवाळ्यांत कोरियाच्या कडाक्याच्या थंडींत ही बंदूक अडखळते आणि जाड कपड्यांतील शत्रूला तिची गोळी पुरेशी पडत नाहीं, असें शिपाई सांगूं लागले. जें हत्यार कारकुनाच्या आणि मोटारहांक्याच्या खांद्यासाठीं निवडलें, तें आघाडीवरच्या मनुष्याच्या हातीं गेलें होतें. निवड चुकली नव्हती. प्रश्न बदलला होता.

येथें एक जुनी गोष्ट आठवते. सुट्या भागांच्या अदलाबदलीचा जनक म्हणून ईलाय व्हिट्नी ह्यांचें नांव अमेरिकन मुलें पिढ्यान् पिढ्या पाठ करीत आलीं. १७९८ सालीं त्यांनीं दहा हजार बंदुकांचा करार केला आणि १८०१ सालीं वॉशिंग्टनमध्यें पुढाऱ्यांसमोर भाग जुळवून दाखविले, ही कथा प्रसिद्ध आहे. परंतु त्यापूर्वीं १७८५ सालीं पॅरिसमध्यें ओनोरे ब्लां ह्या फ्रेंच कारागिरानें हाच प्रयोग जेफर्सन ह्यांना दाखविला होता. व्हिट्नींच्या शिल्लक राहिलेल्या बंदुका विद्वानांनीं पुढें तपासल्या तेव्हां त्यांचे भाग एकमेकींस बसेनात. आणि ही विद्या खरोखर साधली ती १८२० नंतर हार्पर्स फेरी येथें जॉन हॉल ह्यांच्या हातून. व्हिट्नींचा कारखाना न्यू हेवनजवळ होता. १८८८ सालीं तो विकत घेतला तो त्याच गांवच्या विंचेस्टर कंपनीनें. दंतकथाहि कारखान्याबरोबर वारशानें मिळतात कीं काय, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

युद्धानंतर ह्या बंदुका सरकारी कारखान्यांत दुरुस्तीस गेल्या. तेथें त्या उकलल्या, भाग ढिगांत पडले आणि हाताला येईल तो भाग घेऊन पुन्हां जुळविल्या गेल्या. आज अमेरिकेंत जुन्या शस्त्रांचा संग्रह करणारे हौशी लोक अक्षरें जुळवून पाहतात, आणि आपल्या बंदुकीचा प्रत्येक भाग एकाच घरचा असावा म्हणून वर्षानुवर्षें शोध घेतात. त्यांच्या चिकाटीचें आम्हांस कौतुक आहे. परंतु ज्या वस्तूच्या अंगीं एकाच घरचेंपण आरंभापासूनच नव्हतें, तिला तें मागाहून मिळवून देण्याचा हा खटाटोप आणि एका कैद्याच्या नांवानें तिची कथा सांगणें, हे दोन्ही एकाच हौसेचे प्रकार होत.

प्रतिभेचें महत्त्व कमी करावें असें आमचें म्हणणें नाहीं. विल्यम्सचा दट्ट्या नसता तर ती बंदूक झाली नसती. पण जॉन्सनचें जुनें काडतूस, गॅरंडचा बोल्ट, ब्राउनिंगचा अपुरा आराखडा आणि कोणता भाग घ्यावा व कोणता टाकावा हें तेरा दिवसांत ठरविणाऱ्या पांच-सहा माणसांची नजर ह्यांच्यावांचून तो दट्ट्या एका तुरुंगांतील कल्पनाच राहिला असता. निवडणें हीहि एक निर्मितीच आहे. तिचें श्रेय अनेकांत वांटलें जातें म्हणून तें कोणाच्याच पदरीं पडत नाहीं, एवढेंच. पुढल्या वेळीं एखाद्या वस्तूचा शोध कोणीं लावला असें घरांतील मुलानें विचारलें, तर एक नांव सांगून त्याला गप्प करण्याऐवजीं, "कोणकोणीं लावला तें आपण पाहूं या," असें उत्तर द्यावें. गोष्ट थोडी लांबेल खरी. पण ती खरी असेल.